गाडीच्या एसीचा कुबट वास: आधी पाण्याला वाट, मग फवारा

एसीचं बटण दाबल्यावर पहिला अर्धा-एक मिनिट ओल्या पोतेऱ्यासारखा वास येतो, मग तो विरतो. नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला गाडी उभी राहिली, एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) कट झाला की तोच वास पुन्हा नाकाशी. गाडी निघाली की परत नाहीसा. असं होत असेल तर वास डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलचा आहे, हे जवळजवळ खात्रीने सांगता येतं. नाशिकात ही तक्रार दोनदा जोर धरते. एकदा आषाढ-श्रावणात, आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी संपताना, थंडीभर बंद राहिलेला एसी पहिल्यांदा लावला जातो तेव्हा.

यावर लोक साधारण तीन गोष्टी करतात. व्हेंटला परफ्यूमची क्लिप लावतात, नवा फिल्टर टाकतात, नाहीतर ‘जरा गॅस भरून द्या’ म्हणत एसीवाल्याकडे जातात. गॅसचा या वासाशी काडीचाही संबंध नाही. तो बंद नळ्यांमधून फिरतो, केबिनच्या हवेला शिवतसुद्धा नाही. परफ्यूमने मोगरा आणि बुरशी यांचं मिश्रण तेवढं तयार होतं. फिल्टर बदलणं योग्यच, पण तो एकटा पुरत नाही. हा वास ओलाव्यातून येतो, आणि ओल जिथे अडली आहे तिथून ती काढल्याशिवाय बाकीचे सगळे उपाय पंधरा दिवसांचे.

डॅशबोर्डच्या आत काय चालतं

डॅशबोर्डच्या मागे, मधोमध किंवा जरा डावीकडे, एक काळी प्लॅस्टिकची पेटी असते. तिच्यात ब्लोअरचा पंखा, केबिन फिल्टर, कूलिंग कॉइल, हीटरची कॉइल आणि हवा इकडे-तिकडे वळवणारे पडदे असतात. कूलिंग कॉइल म्हणजे बारीक अॅल्युमिनियमच्या पात्यांची जाडसर जाळी. एसी चालू असताना ती शून्याच्या थोडी वर, दोन-पाच अंशांवर असते. थंडगार तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं हवेतलं बाष्प या जाळीवर जमतं, खालच्या ट्रेमध्ये ठिबकतं आणि ट्रेच्या भोकातून रबरी नळीवाटे रस्त्यावर पडतं. एसी लावलेल्या गाडीखाली दिसणारं थारोळं ते हेच, आणि ते दिसणं चांगलं लक्षण आहे.

गाडी बंद केली की कॉइल ओलीच राहते. आत अंधार, वारा नाही, वरून उन्हाची ऊब. फिल्टरमधून सुटलेली धूळ, परागकण, कपड्यांचे तंतू त्या ओलाव्यावर चिकटतात आणि त्यावर बुरशी व जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. जाळी गार आणि पाण्याने न्हालेली असते तोवर वास दबून राहतो. ती कोमट होऊन सुकायला लागली की सुटतो. म्हणूनच तो सुरुवातीला आणि सिग्नलला येतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत तर तो जास्तच जाणवतो, कारण तिथे प्रत्येक थांब्याला कॉम्प्रेसरही थांबतो.

आधी वास ओळखा

कुठलाही स्क्रू सोडण्याआधी दहा मिनिटं नाकाला कामाला लावा. रात्रभर बंद असलेल्या गाडीचं दार उघडा आणि काहीही सुरू न करता आत वाका. कुबट वास तेव्हाच भपकन आला तर दोष कॉइलपेक्षा कार्पेटचा किंवा डिकीचा असण्याची शक्यता जास्त. दार उघडल्यावर काही नाही, पण ब्लोअर लावताच व्हेंटमधून वास आला तर तो पेटीतला. आता एसी बंद ठेवून ब्लोअर दोनवर, आधी बाहेरची हवा आणि मग रीसर्क्युलेशन (म्हणजे आतलीच हवा फिरवणं) असं करून पाहा. फक्त बाहेरच्या हवेला वास येत असेल तर काचेखालच्या जाळीत कुजलेला पाला आहे. फक्त रीसर्क्युलेशनला येत असेल तर केबिनमधलंच काहीतरी ओलं आहे. दोन्हींत सारखा येत असेल तर फिल्टर किंवा कॉइल.

काही वास या लेखाच्या हद्दीबाहेरचे आहेत आणि ते वेळीच ओळखणं महत्त्वाचं. पाकासारखा गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट वाफ, म्हणजे हीटरच्या कॉइलमधून इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतंय. बोनेट उघडून कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, पण इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नका. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर बॅटरी जास्त चार्ज होत असू शकते. इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज सतत १५ च्या वर जात असेल तर गाडी तशीच पळवू नका. पेट्रोलचा वास आला तर एसीचा विचार सोडा आणि आधी गॅरेज गाठा. आणि दोन दिवसांत चढत गेलेला, उन्हात असह्य होणारा वास म्हणजे बहुतेक मेलेला उंदीर. त्याबद्दल पुढे.

पाण्याची वाट मोकळी करा

कामाची सुरुवात इथूनच, आणि हेच बहुतेक ठिकाणी टाळलं जातं कारण त्यासाठी गाडीखाली वाकावं लागतं. ट्रेची नळी तुंबली की पाणी पेटीतच साठतं. वळणावर डॅशबोर्डमधून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो किंवा डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओली लागते. अशा गाडीत फोमचा डबा रिकामा केला तर फोमचं पाणीही तिथेच साठणार आणि पुढे कार्पेटमध्ये उतरणार. वास घालवायला गेलो आणि वाढवून बसलो, अशातली गत.

तपासणी सोपी आहे. गाडी कोरड्या सपाट जागी लावा, एसी सर्वांत गार, ब्लोअर दोनवर, १५ मिनिटं चालू ठेवा. पावसाळ्यात पाच-दहा मिनिटांत थेंब सुरू व्हायला हवेत. एक मात्र ध्यानात ठेवा: एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकची हवा इतकी कोरडी असते की धडधाकट गाडीतूनही जेमतेम चार थेंब पडतात. त्या दिवसांत ही चाचणी पहाटे घ्या, नाहीतर चार माणसं गाडीत बसवून घ्या. कोरड्या दुपारी थेंब दिसले नाहीत म्हणून कुणी डॅशबोर्ड खोलायला सांगत असेल तर तिथून सरळ निघा.

नळी साधारण अंगठ्याएवढी जाड, रबरी, खाली वाकलेली असते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून डावीकडे किंवा मध्याजवळ बाहेर येते. काही गाड्यांत बोनेटमधून टॉर्च मारला की दिसते, काहींत खालूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. वॉशिंग सेंटरच्या लिफ्टवर दहा मिनिटं मिळाली तरी पुरे. सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, त्यामुळे गाडी तासभर थंड झाल्यावरच हात घाला.

नळीच्या तोंडाशी चिखल, पाल्याचा भुगा आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशीचं मातीचं घरही सापडतं. तोंड बोटाने चेपून मोकळं करा. आत अडलं असेल तर गवत कापायच्या यंत्रात असते ती दोन-अडीच मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या, टोक ज्योतीवर धरून गोल करा आणि फिरवत फिरवत दहा-बारा सेंटिमीटरपर्यंतच सरकवा. त्याहून पुढे कॉइल आहे. लोखंडी तार किंवा सायकलची स्पोक वापरू नका. कॉइलला टाचणीएवढं भोक पडलं तरी सगळा गॅस जातो आणि साध्या सफाईचं काम डॅशबोर्ड उतरवण्यावर येऊन ठेपतं. पंक्चरवाल्याची हवा मारायची असेल तर दाब २० ते ३० पीएसआयच्या आत, दोन-तीन छोटे झोत. पूर्ण दाबाने मारली की नळी आतल्या बाजूने ट्रेवरून निसटते आणि त्यानंतरचं सगळं पाणी थेट कार्पेटवर. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण अडथळा सुटला की कपभर काळं पाणी तोंडावर येतं.

काचेखालची जाळी आणि फिल्टर

बोनेट उघडा आणि वायपरच्या मुळाशी असलेली प्लॅस्टिकची जाळी पाहा. बाहेरची हवा इथूनच आत ओढली जाते. कडुनिंब आणि गुलमोहराखाली उभी राहणारी गाडी असेल तर आत ओंजळभर तरी पाला निघतो. गुलमोहराची पानं इतकी बारीक की ती जाळीतून सरळ आत जातात आणि भिजून चहाच्या चोथ्यासारखी होतात. हाताने आणि व्हॅक्यूमने साफ करा, मग कडेच्या खोलगट भागात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. ते पुढच्या चाकांच्या मागून खाली आलं पाहिजे. हवेच्या तोंडात ओतू नका, ते पाणी ब्लोअरवर जाईल.

केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडा, बाजूची दोरी किंवा दट्ट्या काढा. समोर आडवं झाकण दिसेल. त्याचे खटके दाबून फिल्टर सरळ बाहेर ओढा. या भागात पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत, त्यांना धक्काही लावायचा नाही. जुना फिल्टर काढताना कडेवरचा बाण कुठल्या दिशेला आहे याचा मोबाइलवर फोटो काढा. बाण हवेच्या वाहण्याची दिशा दाखवतो आणि उलटा बसवला तर आधीच जमलेली धूळ कॉइलकडे सुटते. काही जुन्या किंवा खालच्या मॉडेलांत फिल्टर बसवलेलाच नसतो, जागा तेवढी झाकणाने बंद असते. अशा गाडीच्या कॉइलवर किती धूळ असेल याची कल्पना करा, आणि जागा असेल तर फिल्टर घेऊन टाका.

कागदी फिल्टर धुवायचा नाही. हवा मारून ‘साफ’ केलेला फिल्टर दिसायला पांढरा होतो, पण त्याचे तंतू फाकतात आणि बारीक धूळ आरपार जाते. उजेडासमोर धरल्यावर घड्यांमधून प्रकाश दिसत नसेल किंवा तो नाकाशी नेल्यावर आंबूस वाटत असेल तर सरळ टाकून द्या. वर्षातून एकदा किंवा दहा-बारा हजार किलोमीटरला बदलणं हा ठोकताळा. दिंडोरी-निफाडकडच्या कच्च्या शेतरस्त्यांवर रोज फिरणाऱ्याने सात-आठ हजारालाच बदलावा. काळ्या कार्बनचा फिल्टर थोडा महाग पडतो. सातपूर-अंबडच्या ट्रकांमागून रोज जाणाऱ्याला धुराच्या वासापासून तो खरंच आराम देतो. कॉइलवरची बुरशी मात्र तो मारत नाही, ती त्याच्या पुढे बसलेली असते.

नवा फिल्टर घेऊन ठेवा, पण अजून बसवू नका.

फोम कुठून सोडायचा

एसी कॉइलसाठीचा फोम स्प्रे लांब नळीसकट मिळतो. छोट्या-मध्यम गाडीला ४०० ते ५०० मिलिलिटरचा एक डबा पुरतो. फिल्टरसकट सगळं सामान साधारण हजार-दीड हजारांत बसतं. खरी अडचण असते ती फोम कॉइलवर पोचवण्याची. व्हेंटमध्ये नळी खुपसून फवारलं तर फोम पडद्यांवर आणि नळकांड्यांत बसतो, कॉइलपर्यंत जातच नाही. ‘फोम मारून घेतला तरी वास तसाच’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथल्याच असतात.

फिल्टरच्या खाचेत टॉर्च मारून पाहा. समोर अॅल्युमिनियमची बारीक पाती दिसली तर नशीब चांगलं, इथूनच फवारता येईल. पंख्याचं चाक दिसलं तर इथून मुळीच नाही, फोम मोटरमध्ये शिरेल. मग दुसरी वाट म्हणजे ब्लोअरच्या रेझिस्टरचं, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागाचं, भोक. डाव्या सीटच्या पायाशी, ग्लोव्ह बॉक्सखाली, पेटीवर दोन स्क्रूंनी बसवलेला एक छोटा भाग आणि त्याला वायरचा कनेक्टर असतो तो रेझिस्टर. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्यांत त्याच जागी धातूच्या पात्यांचं मॉड्यूल असतं. दोन्ही पंख्याच्या वाऱ्याने गार राहावेत म्हणून हवेच्या मार्गात, पंखा आणि कॉइल यांच्यामध्ये बसवलेले असतात, आणि आपल्याला नेमकी तीच जागा हवी असते.

आदल्या रात्रीपासून बंद असलेली गाडी घ्या, कारण रेझिस्टर चालू असताना चटका देण्याइतका तापतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पायाशी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जुना टॉवेल. खाली नळीच्या तोंडाशी पसरट भांडं. सर्व दारं उघडी, हातात मोजे, नाकाला मास्क. कनेक्टर सोडून स्क्रू काढा, रेझिस्टर बाजूला ठेवा. डबा मिनिटभर हलवा. स्प्रेची नळी भोकातून कॉइलच्या दिशेने सरकवा, अडेल तिथून बोटभर मागे घ्या. थोडा फवारा, नळी थोडी फिरवा, पुन्हा थोडा. वरचा कोपरा, मधला भाग, खालचा कोपरा असं करत डब्याचा दोन-तृतीयांश भाग संपवा. एका जागी धरून सगळा सोडला की मध्यभाग चकचकीत आणि कडा जशाच्या तशा. उरलेला फोम खालून, ड्रेनच्या नळीतून वर सोडा म्हणजे ट्रेही धुतला जातो. सगळ्यात जाड थर बहुधा ट्रेमध्येच असतो.

वीस-तीस मिनिटं हात लावू नका. फोम वितळून भांड्यात तपकिरी, कधी काळं पाणी जमतं. आत काय होतं हे त्यावरून कळतं. पाणी आलंच नाही तर नळी अजून तुंबलेली आहे, मागे जा. काही फोम नंतर धुवावे लागतात, बरेचसे लागत नाहीत. डब्यावरची सूचना इथे शेवटचा शब्द. मग रेझिस्टर आणि तार बसवा, एसी बंद, ब्लोअर एकवर, दारं उघडी. पहिली दोन-तीन मिनिटं व्हेंटमधून फोमचे गोळे उडतात, म्हणून समोर कुणी बसू नये. त्यानंतर ब्लोअर हळूहळू वाढवा.

फिल्टरची जागा उघडलीच आहे तर पंख्याकडेही बघा. त्याच्या वाकड्या पात्यांमध्ये धुळीचे थर साचतात आणि चिकट झालेली धूळ वासही धरते. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर तीन स्क्रूंवर खाली उतरतो. कोरड्या दात घासायच्या ब्रशने प्रत्येक पात साफ करा. पाण्याखाली धरायचा मोह आवरा, आणि पात्यांवरची छोटी लोखंडी चिमटी दिसली तर काढू नका, ती पंख्याचा तोल राखते.

दुकानात छोटे ‘फॉगर’ही मिळतात. खटका दाबून गाडीत ठेवायचे, एसी रीसर्क्युलेशनवर, काचा बंद, आत कुणी नाही, पंधरा मिनिटं. धुकं सगळीकडे फिरतं हे खरं, पण जाड थर ते उचकटू शकत नाही. फोम झाल्यावरचा शेवटचा हात म्हणून ठीक. त्यातला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो, त्यामुळे जवळ विडी-काडी नको आणि नंतर सगळी दारं उघडून दहा मिनिटं गाडी मोकळी करा.

सुकवणं, आणि हीटरची एक गंमत

फोमनंतर कॉइल चिंब असते. ती तशीच ठेवून गाडी लावली तर नव्या बुरशीला आपणच पाणी घातल्यासारखं. हीटर लावून सुकवा असं सांगितलं जातं ते बरोबर, फक्त एक अर्धं वाक्य गळतं. हीटरची कॉइल हवेच्या वाटेत कूलिंग कॉइलच्या पुढे असते. बाहेरची हवा घेऊन हीटर लावलात तर गरम हवा तुमच्या अंगावर येईल, ओल्या कॉइलवरून मात्र बाहेरची गारच हवा जाईल. म्हणून इंजिन गरम झाल्यावर एसी बंद, तापमान पूर्ण गरम, रीसर्क्युलेशन चालू, व्हेंट समोरचे, ब्लोअर तीनवर. काचा दोन बोटं उघड्या, नाहीतर निघालेली वाफ काचांवरच बसेल. आता केबिनची गरम हवा परत कॉइलवरून फिरते. दहा मिनिटांनी बाहेरची हवा चालू करून आणखी पाच मिनिटं. काचेवरच्या डीफ्रॉस्टचं बटण या वेळी दाबू नका, बऱ्याच गाड्यांत त्यासोबत एसी आपोआप सुरू होतो. हे सगळं उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या दिवशी पेटी कोरडी वाटली की नवा फिल्टर बसवा.

काय वापरू नये

घरातलं ब्लीच, टॉयलेट क्लिनर आणि स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी मिळणारी आम्लाची रसायनं अॅल्युमिनियम खातात. वास जाईल, काही महिन्यांनी गॅसही जाईल. व्हिनेगरचंही थोड्या प्रमाणात तेच, शिवाय गाडीला लोणच्याच्या बरणीचा वास. डेटॉलसारखं जंतुनाशक ओतलं की बुरशीच्या जोडीला दवाखाना येतो. स्पिरिट किंवा सॅनिटायझर पेटीत फवारून ब्लोअर लावणं म्हणजे ठिणगीला आमंत्रण. कापूर किंवा लवंगांची पुडी ठेवायला हरकत नाही, पण तो उपाय आहे असं समजू नका. ओझोन मशिनचा धूर काढून देणारे बरेच आहेत. ओझोन कापडातला वास खरोखर कमी करतो, कॉइलवरचा बुळबुळीत थर मात्र जागचा हलवत नाही, आणि तो श्वासातून घेणं घातक आहे. करून घेतलाच तर गाडी अर्धा तास उघडी ठेवल्याशिवाय बसू नका, दम्याच्या माणसाने तर त्या दिवशी नकोच.

कार्पेट ओलं असेल तर

पेटी स्वच्छ झाली तरी वास राहिला की मॅट उचला. कार्पेटवर दुमडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्यावर टाचेने दाबा. कागद ओला झाला तर वरचं कापड नव्हे, खालचा जाड नमदा पाणी पिऊन बसलाय. वरून कोरडं दिसणारं कार्पेट खाली आठवडाभर ओलं राहतं. पाणी कुठून आलं ते शोधा: ड्रेनची निसटलेली नळी, दाराच्या खालच्या कडेची बुजलेली भोकं, सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या, नाहीतर काच बदलताना नीट न लागलेलं सील. कुणाला तरी आत बसवून बाहेरून साध्या पाइपने एकेका भागावर पाच-पाच मिनिटं पाणी सोडा. दाब नको, धार पुरे.

सुकवण्यासाठी दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेटची कड उचला, खाली लाकडाचा ठोकळा सारा आणि टेबल फॅन लावा. एक-दोन दिवस जातात. ऑक्टोबरच्या उन्हात हे काम झटपट होतं, जुलैत घरातला पंखाच आधार. सुकल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. ओल्यावर सोडा टाकला तर त्याचा लगदा होतो आणि तो निघता निघत नाही.

गोदावरीच्या पुरात, अगदी सीटच्या खालपर्यंतच का होईना, उभी राहिलेली गाडी हा निराळा प्रकार. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला की दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर चढलं हे सगळेच बघतात, पण काठच्या पार्किंगमधल्या गाड्यांत शिरलेलं पाणी गटाराचंही असतं. तिथे फोम आणि सोडा पुरत नाही. सीट उतरवून नमदा बदलावा लागतो, वायरिंगचे कनेक्टर उघडून सुकवावे लागतात.

उंदीर

शेताच्या बांधाला किंवा कांद्याच्या चाळीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत थंडीच्या दिवसांत उंदीर हवेच्या तोंडातून शिरतात आणि फिल्टर कुरतडून त्याचंच घरटं करतात. फिल्टर काढल्यावर लेंड्या, गवत, कापूस दिसला तर लगेच व्हॅक्यूम लावू नका, सुकी घाण हवेत उडते. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. रबरी मोजे आणि एन-९५ मास्क घाला, घाण जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, दहा मिनिटांनी ओल्या कागदाने उचला आणि पिशवीत बांधून टाका. मग वर सांगितल्याप्रमाणे फोम. पुन्हा शिरू नये म्हणून हवेच्या तोंडावर पाच-सहा मिलिमीटर भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवून घ्या. प्लॅस्टिकची जाळी त्यांच्यासाठी नाश्ता.

वास पुन्हा आला तर

फोम नीट कॉइलवर बसला, नळी वाहते, कार्पेट कोरडं, आणि तरी आठ-दहा दिवसांत वास परतला, तर एकदा तोच उपचार पुन्हा करा. जाड थर पहिल्या हाताला मऊ होतो, दुसऱ्याला सुटतो. त्यानंतरही फरक नसेल तर मोबाइलला जोडायचा छोटा नळीचा कॅमेरा रेझिस्टरच्या भोकातून आत घाला. पात्यांमध्ये गोधडीसारखा थर दिसला तर कॉइल बाहेर काढून धुणं किंवा बदलणं हाच मार्ग. बहुतेक गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरतो, दिवस जातो. काम देताना चार गोष्टी आधी ठरवून घ्या. जुना गॅस मशिनने काढून घेणार, हवेत सोडणार नाही. जोडांचे रबरी ओ-रिंग नवे घालणार. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा काढून निदान अर्धा तास व्हॅक्यूम धरून गळती तपासणार. आणि गॅस बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार, वजन करून भरणार, ‘हाताला गार लागेपर्यंत’ नव्हे. गॅस आर-१३४ए आहे की काही नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ, हेही त्याच स्टिकरवर असतं, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

रोजची सवय

उतरण्याआधी तीन ते पाच मिनिटं एसी बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि बाहेरची हवा घ्या. मुंबई नाक्याहून पाथर्डी फाट्याला जात असाल तर राणेनगरला आलात की एसीचं बटण बंद. तेवढ्यात कॉइलवरचं बरंचसं पाणी वाऱ्याने जातं. दहा दिवस असं करून पाहा, फरक नाकालाच कळेल. घोटी-इगतपुरीकडे भर पावसात बाहेरचीच हवा ओलीचिंब असते, तिथे या पाच मिनिटांचा उपयोग कमी. अशा फेरीनंतर आठवड्यातून एकदा हीटरची दहा मिनिटं द्या. ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीत टाकताना खाली प्लॅस्टिकचा टब ठेवा. कांद्याची गोणी आणली असेल तर उतरवल्यावर डिकीचा कोपरान्‌कोपरा बघा. सीटखाली घरंगळलेला एक कांदा सडला तर वरचं सगळं करूनही वास जाणार नाही.

दिवसभर रीसर्क्युलेशनवरच गाडी चालवली तर श्वासांची वाफ आतच फिरते आणि कॉइलही आंबते. धुळीचा पट्टा किंवा ट्रक मागे पडला की बाहेरची हवा चालू करा. शेताजवळ रात्रभर गाडी लावणाऱ्यांनी मात्र शेवटची पाच मिनिटं बाहेरच्या हवेवर सुकवून, चावी काढण्याआधी परत रीसर्क्युलेशन दाबावं, म्हणजे आतला पडदा बंद होतो आणि उंदरांची ती वाट अडते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा घसरतो तेव्हा एसीची आठवण कुणाला होत नाही. तरी पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं तो लावा. गॅसबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरच्या सीलना ओलं ठेवतं, आणि सकाळी काचांवर जमलेली वाफही झटक्यात जाते. फोमचं काम फेब्रुवारीत, पहिल्या उन्हाच्या आधी. फिल्टर दसऱ्याच्या सुमारास, पावसाने भिजवून झाल्यावर. नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहूनच तो आत सरकवा.